जांभळ्या पानांचा कच्चा पुएर: रंग राखाडी आणि चव कडू का उतरतेय?

नेरुळकर

मंडळी, पुएर, म्हणजे चीनच्या युनान प्रांतातला मुरवता येणारा चहा, पिणाऱ्यांना विचारायचं आहे. युनानमधून मागवलेला जांभळ्या पानांचा शेंग आहे, म्हणजे कच्चा, ढीग घालून आंबवलेला नाही. २०२२ चा केक (चहा दाबून केलेली वडी), त्यातला २५ ग्रॅमचा तुकडा. पाकिटावर नुसतं ‘पर्पल’ लिहिलंय. जात, गाव, हंगाम काही नाही.

पद्धत अशी: १०० मिलीचं पोर्सेलिनचं गायवान (झाकणाचा चिनी कप), ७ ग्रॅम पान, किटलीतलं खळखळ उकळलेलं पाणी, एकदा धुवून टाकायचं आणि मग त्याच पानांवर पुन्हा पुन्हा १० ते १५ सेकंदांची पाणी. पाणी घरच्या आरओचं. त्याला शेवटी अल्कलाइन कार्ट्रिज आहे. टीडीएस (विरघळलेले क्षार) ६० च्या आसपास.

कपात रंग जांभळा तर नाहीच, पण पिवळाही नाही. मळकट राखाडी, कडेला किंचित हिरवट. पहिल्या दोन पाण्यांना वास छान येतो, सुक्या जर्दाळूच्या अंगाचा. तोंडात घेतलं की मात्र कडू, आणि हिरड्या आवळतात. पाचव्या पाण्यानंतर एकदम पाणचट. याच गायवानात, याच पाण्यात साधा कच्चा पुएर व्यवस्थित उतरतो, म्हणून कोडं पडलंय.

चहाच वाईट आहे की काढण्यात चुकतंय? पाणी ८५ अंशांवर आणून बघावं का? आणि अख्खा केक घ्यायचा झाला तर आपल्या पावसाळ्यात तो टिकेल का?

---

कोपरीची किटली

रंगाचं आधी घेऊ, कारण त्याचं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे: अल्कलाइन कार्ट्रिज.

जांभळ्या पानात अँथोसायनिन असतं. जांभूळ, कोकम, गोकर्णाचं फूल, सगळ्यांचा रंग याच कुळातल्या द्रव्यांचा. आंबट पाण्यात ही द्रव्यं लालसर-गुलाबी दिसतात, उदासीनच्या आसपास फिकट जांभळी, आणि पाणी अल्कधर्मी झालं की निळी-हिरवी. त्यात चहाचा स्वतःचा पिवळा मिसळला की तुम्ही सांगताय तो मळकट राखाडी तयार. साध्या कच्च्या पुएरमध्ये हे रंगद्रव्य नगण्य. तो त्याच पाण्यात फार तर जरा गडद दिसतो आणि पाण्यावर कुणाला संशय येत नाही. अल्कधर्मी पाण्यात बाकीची पॉलिफिनॉलंही लवकर काळवंडतात आणि वास दबतो, म्हणजे नुकसान फक्त रंगाचं नाही. टीडीएस मीटर यातलं काही सांगणार नाही. तो विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, पीएच नाही. ६० टीडीएसचं पाणी पीएच ७ चंही असू शकतं आणि ९ चंही.

खात्री करायची तर दोन सारखे पांढरे कप घ्या. प्रत्येकात १ ग्रॅम पान, ५० मिली उकळतं पाणी, तीन मिनिटं. एकात घरचं पाणी, दुसऱ्यात साधं बाटलीबंद. खिडकीच्या उजेडात बघा. पिवळ्या दिव्याखाली राखाडी आणि फिकट जांभळा यांतला फरक दिसतच नाही. मग बाटलीच्या पाण्यातला चहा निवू द्या आणि लिंबाचे दोन-तीन थेंब टाका. लिंबानं साधा चहाही फिकट होतो, तो पुरावा धरू नका. गुलाबी छटा आली तर पानात अँथोसायनिन भरपूर आहे असं समजा.

दोन्ही कप राखाडीच दिसले तर लोखंडाकडे बघा. गंज चढलेली किटली, चरे गेलेलं एनॅमलचं भांडं, लोखंडी गाळणी. टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की काळं होतंच. हिरडा आणि हिराकस घालून शाई करायचे ते याच रसायनावर.

आता पान ओळखायचं. ‘पर्पल’ या एका शब्दाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, आणि तिन्ही वेगळ्या रीतीनं काढाव्या लागतात.

पहिला झी या, म्हणजे जांभळे कोंब. झाडं नेहमीचीच, मोठ्या पानांची. ऊन कडक असलं, विशेषतः उन्हाळी खुडणीला, की काही कोंब स्वतःचा बचाव म्हणून जांभळे फुटतात. पान मोठं झालं की बहुधा हिरवं होतं. असे कोंब वेचून केक करतात. चव साध्या शेंगच्या जवळची, थोडी जास्त तुरट. कपातला रंग पिवळाच.

दुसरा झी ज्वान. ही निवडून वाढवलेली जात. युनानमधल्या मेंगहायच्या चहा संशोधन संस्थेच्या मळ्यात १९८५ मध्ये सापडलेल्या एका झाडापासून कलमांनी पसरवलेली. हिचा कोंब, पान आणि देठ तिन्ही जांभळे असतात, आणि अँथोसायनिन तिघांत सर्वांत जास्त. कपात खरोखर जांभळट झाक येते ती हिचीच, तीही केक नवा असताना. तीन-चार वर्षांत ती उतरून नारिंगी-पिवळ्याकडे जाते. कडू-तुरटपणाही हिचाच जास्त.

तिसरा ‘ये शेंग’ नावानं मिळणारा रानटी जांभळा. मुख्यतः पश्चिम युनानचा, देहोंग आणि लिनत्सांगकडचा. लिनत्सांगमधल्या योंगद भागाचं नाव त्यात बऱ्याचदा येतं. ही नेहमीच्या चहाची जवळची नातलग झाडं आहेत. सुकं पान जवळजवळ काळं, कोंब तुकतुकीत आणि बिनकेसाचे. कपात सोनेरी पिवळा, जांभळा मुळीच नाही. चव हलकी, फळाची, थोडी आंबूस, मध्येच चीडाच्या डिंकासारखा वास. यात कडवटपणा कमी असतो. तुम्ही लिहिलंय तसा हिरड्या आवळणारा कडूपणा ‘ये शेंग’मधून यायचा तर काढण्यात बरंच काही चुकलेलं असावं लागेल.

काढून झालेली पानं पांढऱ्या बशीत पसरा. देठासकट गडद निळसर-जांभळी राहिली तर झी ज्वान. बहुतेक ऑलिव्ह हिरवी, मधूनच तपकिरी-जांभळी असतील तर झी या. कोंब लांब, जाड, केस अजिबात नसलेले आणि बुडाशी खवल्यांसारखी पानं, असं असेल तर रानटी. फक्त तुकड्याच्या वरच्या थरावरून ठरवू नका. केक दाबताना दर्शनी बाजूला निवडक पानं आणि पोटात दुसरीच, हा प्रकार सर्रास चालतो.

---

पाचपाखाडी

किटलीशी सहमत. एकच भर घालतो. तुमचं गायवान १०० मिलीचं नाही.

विक्रेते गायवानचं माप काठोकाठ भरून सांगतात. झाकण टेकतं ते काठाच्या खाली, आणि पान स्वतः जागा खातं. गायवान काट्यावर ठेवा, शून्य करा, झाकण जिथे बसतं तिथपर्यंत पाणी भरा आणि वजन बघा. १ ग्रॅम म्हणजे १ मिली. ‘१०० मिली’च्या गायवानात बहुतेक वेळा ७५ ते ८० मिली निघतं. ८० धरलं तरी ७ ग्रॅम म्हणजे साधारण १ ला ११ (१ ग्रॅमला ११ मिली) झालं. मुरलेल्या पुएरला हे चालतं. दोन-तीन वर्षांच्या जांभळ्याला १ ला २० च्या आसपास ठेवा, म्हणजे तुमच्या भांड्यात ४ ग्रॅम. काटा ०.१ ग्रॅमचा हवा. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमवाला काटा ४ म्हणतो तेव्हा पान साडेतीनही असू शकतं आणि साडेचारही.

पाचव्या पाण्याला पाणचट होण्याचं कारणही यातच आहे. जास्त पान आणि १५ सेकंद, म्हणजे पहिल्या तीन-चार पाण्यांतच सगळं ओढून घेतलं. त्यातून तुकडा कुरिअरमध्ये चुरला असेल तर बारीक चूर सगळ्यात आधी सुटतो आणि सगळ्यात आधी संपतो. चूर चहाच्या गाळणीतून चाळून बाजूला काढा. तो मोठ्या मगात, १ ग्रॅमला २०० मिली या हिशेबानं वेगळा प्यायला हरकत नाही.

आणि केक फोडताना सुरी नको. पुएरची सुई किंवा जाडसर टोच्या कडेतून आडवा घाला, थोडा हलवा, थर सुटू दे, मग दुसऱ्या जागी घाला. वरून खाली भोसकलं की पानं तुटतात, आणि तुटलेलं पान म्हणजे फुकटचा कडूपणा. टोचीचं टोक केक धरलेल्या हाताकडे कधीही नको.

---

घणसोली ९

तापमानाच्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही म्हणून लिहितो. ८५ वर आणू नका.

८५ ला कडूपणा कमी होतो हे खरं, कारण कॅफीन आणि कॅटेचिनं (चहातली कडू-तुरट द्रव्यं) हळू सुटतात. पण मग घशात उतरणारा जडपणा आणि मागून येणारा गोडवाही सुटत नाही. कप नुसता सुवासिक कोमट पाण्यासारखा लागतो. नवीन केक पारखायचा असेल तर मंद पाणी खोटी साक्ष देतं. वाईट चहाही त्यात सभ्य वाटतो.

पण खळखळ उकळतंही नको. युनानच्या विक्रेत्यांच्या पाकिटावर ‘उकळतं पाणी’ असतं. कुनमिंग समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० मीटरवर आहे आणि तिथे पाणी साधारण ९४ अंशांना उकळतं. त्यांचं ‘उकळतं’ म्हणजे ९४. आपल्याकडे खाडीकाठी तेच १०० भरतं. युनानमधल्यासारखा कप हवा असेल तर ९३ ते ९५ धरा. तापमान दाखवणारी किटली नसेल तर उकळी आल्यावर झाकण उघडं ठेवून दीड-दोन मिनिटं थांबा. पण किटलीत पाणी किती आहे त्यावर हे बदलतं, म्हणून एकदा थर्मामीटर घालून स्वतःच्या किटलीचा अंदाज बांधून ठेवा.

माझं वेळापत्रक, ४ ग्रॅम आणि ८० मिलीला:

धुणं ३ सेकंद, फेकून द्या. झाकण तिरकं ठेवून एक मिनिट थांबा म्हणजे दाबलेलं पान सैल होतं. त्यानंतर ६, ५, ५, ८, १२, २०, ३०, ४५ सेकंद. पुढे एक मिनिट, दोन, आणि शेवटचं पाच. दुसरं-तिसरं पाणी पहिल्यापेक्षा छोटं ठेवलंय, कारण पान तेव्हाच पूर्ण उघडतं आणि सगळ्यात जास्त तेव्हाच सोडतं. गायवान रिकामं व्हायला चार-पाच सेकंद जातात, ते यात धरलेले आहेत: पाणी भरून झाल्यापासून शेवटचा थेंब पडेपर्यंत ६. तळाशी चमचाभर पाणी उरलं तरी पुढचा कप कडू होतो, पूर्ण निथळू द्या.

ओततानाही धार थेट पानांवर नको. भिंतीच्या कडेनं, बारीक. पान ढवळलं की तुरटपणा वाढतो. झी ज्वानला हे फार लागू.

---

कोपरीची किटली

तापमानाबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे. रानटी जांभळ्याला मी पूर्ण उकळतंच वापरेन. त्यात कडूपणा मुळात कमी, आणि ९४ ला त्याचा डिंकाचा वास उघडत नाही. झी ज्वानला ९० ते ९२. झी याला तुमचं ९४ बरोबर. बाकी पहिलं माप पानाचं, मग वेळेचं, आणि सगळ्यात शेवटी तापमानाचं सुधारावं, यावर आपलं भांडण नाही.

---

घणसोली ९

रानटीला उकळतं, मान्य. झी ज्वानला ९० खाली मात्र कुणी जाऊ नये.

---

चेंदणी

काढण्याचं झालं, आता चाखण्याचं. कडू लागला म्हणजे वाईट असं नसतं. कडूपणा तोंडात कुठे बसतो आणि किती वेळ बसतो ते बघायचं.

घोट घ्या, जिभेवर फिरवा, गिळा आणि थांबा. लगेच दुसरा घोट नको. चांगल्या कच्च्या पुएरचा कडूपणा वीस-तीस सेकंदांत विरघळतो आणि जिभेच्या मुळाशी, घशाच्या तोंडाशी गोडवा यायला लागतो. चिनी मंडळी त्याला हुइगान म्हणतात. आवळा खाऊन वर पाणी प्यायल्यावर जे होतं तसंच, पण पाणी न पिता. कडूपणा जिभेच्या मध्यावर खिळून राहिला आणि मिनिटभरानंतरही तिथेच असला, तर दोष पानात किंवा प्रक्रियेत आहे.

तुरटपणा वेगळा मोजा. गालाच्या आत आणि हिरड्यांवर आवळल्यासारखं होऊन लाळ सुटली तर ठीक. तोंड कोरडं पडून जीभ खरखरीत झाली तर नाही. जांभळ्या पानांना थोडा तुरटपणा असतोच, विशेषतः उन्हाळी खुडणीला, कारण उन्हात पानाचा रंग आणि कॅटेचिनं दोन्ही वाढतात. वसंतातल्या पानाचा रंग कमी आणि चव मऊ. म्हणून ‘जास्तीत जास्त जांभळा’ अशी जाहिरात असेल तिथे मी उलट सावध होईन. अँथोसायनिनच्या नावावर आरोग्याचे दावे करणाऱ्यांना तर दुरूनच नमस्कार.

आंबूसपणाची पारखही करा. रानटी जांभळ्यात फळाचा हलका आंबूसपणा असतो, तो जिभेच्या कडांना लागून लगेच जातो. शिळ्या ताकासारखा, मागे रेंगाळणारा आंबूस म्हणजे रोलिंगनंतर (पान वळून झाल्यावर) ओलं पान ढिगात जास्त वेळ पडून राहिलं किंवा ऊन नीट मिळालं नाही. कच्च्या पुएरचं पान कढईत परतून मग उन्हात वाळवायचं असतं. पावसात अडकलेला माल इथेच बिघडतो.

परतण्यातल्या चुका जांभळ्या पानात लपतात. साध्या पानात परतणं कमी पडलं तर कडा लाल झालेल्या दिसतात. गडद पानात त्या दिसत नाहीत. काढलेलं पान उलटं करून उजेडासमोर धरा, मागच्या बाजूला आणि देठाच्या चिरेत लालसर तपकिरी रेषा शोधा. उलट परतणं जास्त झालं तर कपाच्या तळाशी काळे करपलेले कण येतात आणि धुराचा वास पहिल्या तीन पाण्यांनंतरही जात नाही.

दोन केकांची तुलना करायची असेल तर गायवान नको, हाताचा वेग मध्ये येतो. चहाच्या धंद्यात वापरतात ती सरळ पद्धत घ्या: १०० मिली उकळत्या पाण्याला २ ग्रॅम, झाकून सहा मिनिटं, गाळून चाखायचं. कप पिण्यालायक होणार नाही, पण चहातला एकही दोष लपणार नाही.

आणि रिकाम्या पोटी नको. नवा कच्चा पुएर पित्ताला फार वाईट. उपासाच्या दिवशी तर ठेवूनच द्या.

---

नेरुळकर

सगळ्यांचे आभार, भरपूर मिळालं. दोन कपांची चाचणी केली. बाटलीच्या पाण्यात राखाडी गेला, फिकट नारिंगी-गुलाबी उतरला. लिंबानं स्पष्ट गुलाबी. घरच्या पाण्यात तोच राखाडी. गायवान भरलं ७८ मिली. काढलेल्या पानांचे देठही जांभळे आहेत, तेव्हा झी ज्वान म्हणायला हरकत नसावी.

मग रोजच्यासाठी पाणी कोणतं वापरू? बाटल्या आणणं परवडणारं नाही. आणि साठवण्याचं राहिलं.

---

पाचपाखाडी

कार्ट्रिजच्या आधी पाणी काढायची सोय करून घ्या. बऱ्याच मशिनांत ते शेवटचं कार्ट्रिज वेगळं असतं, प्लंबर टी-आकाराचा जोड लावून देतो. पण निव्वळ आरओचं पाणी टीडीएस १०-१५ वर आलं असेल तर त्यात चहा टोकदार आणि पातळ लागतो. ते एकटं वापरू नका.

त्याहून सोपं सांगतो. नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी येतं. सह्याद्रीच्या पायथ्याशी साठलेलं पावसाचं पाणी, मुळात मऊ. ठाण्यातही नळाला धरणाचंच. चहासाठी त्याला आरओची गरज नाही, कार्बन फिल्टर पुरतो. फिल्टर नसेल तर क्लोरीनचा वास घालवायला झाकण उघडं ठेवून तीन-चार मिनिटं उकळा किंवा रात्रभर उघड्या स्टीलच्या भांड्यात ठेवा. तांब्याच्या कळशीत नको.

हे सगळं सोसायटीत टँकर किंवा बोअरवेलचं पाणी मिसळत नसेल तर. उन्हाळ्यात घोडबंदर रोडच्या बाजूला बहुतेक ठिकाणी मिसळतं. टीडीएस मीटर नळाखाली धरा. १०० च्या आत असेल तर तसंच वापरा. २०० च्या वर गेलं तर तीन भाग आरओ (कार्ट्रिजच्या आधीचं) आणि एक भाग नळाचं असं मिसळून घ्या. किटलीच्या तळाला पांढरा थर लवकर धरत असेल तर बायकार्बोनेट जास्त आहे, आणि जांभळ्याला नेमकं तेच नको.

---

खारघरचा दमट

साठवण माझ्याकडे लागली.

युनान आपल्यापेक्षा कोरडं. तिथला केक इथे जूनमध्ये उघडा ठेवला तर सप्टेंबरपर्यंत बुरशी येण्याचा धोका मोठा. कच्च्या पुएरला मुरायला साधारण ६० ते ७० टक्के आर्द्रता पुरते. पावसाळ्यात आपल्या घरात आकडा ८० च्या वर आठवडेच्या आठवडे राहतो, आणि ७५ ओलांडलं की धोका सुरू.

स्वस्त हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) घ्या, पण त्याच्यावर भरवसा ठेवण्याआधी मिठानं तपासा. बाटलीच्या झाकणात साधं मीठ, त्यात ओल्या वाळूइतकंच पाणी, विरघळवायचं नाही. झाकण आणि मीटर एका हवाबंद झिपच्या पिशवीत आठ-दहा तास. मीटरनं ७५ दाखवायला हवं. ८१ दाखवला तर पुढे नेहमी ६ वजा करा.

केक कागदासकट जाड मायलरच्या (हवा न जाणाऱ्या प्लास्टिकच्या) पिशवीत घाला, सोबत ६२ किंवा ६५ टक्क्यांचं दुतर्फा आर्द्रता-पुडकं (ओल शोषणारं आणि सोडणारंही). सिगार आणि गिटारवाले वापरतात तेच. ३५७ ग्रॅमच्या केकला ६० ग्रॅमचं एक पुडकं भरपूर. पिशवी मे संपायच्या आत बंद करा. पावसाळ्यात केक बाहेर काढून बघायचा मोह झाला तर एसी चालू असलेल्या खोलीत, पण थंडगार केक दमट हवेत आणू नका, पानांवर दव धरतं. सिलिका जेल अजिबात नको. ते केक वाळवून मारतं. वास जातो आणि मुरणं थांबतं.

जागा: लोखंडी कपाट चालतं, त्यात डांबराच्या गोळ्या नसतील तर. देवघराजवळ नको, मसाल्याच्या फडताळात नको. पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला लागून तर मुळीच नको, ओल तिथूनच येते. चिनी मातीची बरणी चांगली, मात्र कधीही लोणचं न घातलेली.

बुरशी ओळखायला टॉर्च आणि भिंग. साध्या पुएरच्या कोंबांवर पांढरी लव असते आणि ती कोंबाच्या दिशेनं चपटी बसलेली असते. बुरशी उभी राहते, एका पानावरून दुसऱ्यावर जाळं टाकते. रानटी जांभळ्याच्या कोंबांना लव नसतेच, त्यावर पांढरं दिसलं की बुरशीच. पिवळी, हिरवी किंवा काळी दिसली तर ब्रशनं झाडून प्यायचा विचारही करू नका, केक टाकून द्या.

तुमचा झी ज्वान निघालाय तर एक सांगतो. तो मुरवायला ठेवण्याचा चहा आहे असं मला वाटत नाही. त्याचं सगळं वैशिष्ट्य ताज्या रंगात आणि फळाच्या वासात, आणि ते दोन्ही वर्षागणिक कमी होतात. १०० किंवा २०० ग्रॅमचा लहान केक घ्या आणि दोन वर्षांत संपवा. मुरवायचंच असेल तर रानटी जांभळा बघा.

---

चेंदणी

दमट यांच्या शेवटच्या मुद्द्याला दुजोरा. शिवाय केक आल्या आल्या उघडून मत बनवू नका. प्रवासात हवा बदलते, वास दबलेला असतो. दोन-तीन आठवडे पुडक्यासोबत पडून राहू दे.

---

नेरुळकर

शेवटचं एक. अरुणाचल-आसामकडच्या जांभळ्या चहाचा दाबलेला केक इथे ऑनलाइन दिसतोय, ‘पर्पल पुएर’ म्हणून. कस्टमची कटकट नाही. घ्यावा का?

---

कोपरीची किटली

चहा म्हणून घ्या, पुएर म्हणून नको. चीनच्या २००८ च्या राष्ट्रीय मानकानुसार पुएर म्हणजे युनानच्या ठरलेल्या भागातलं मोठ्या पानाचं, उन्हात वाळवलेलं पान. नाव बाजूला ठेवलं तरी खरा प्रश्न वाळवण्याचा आहे. आपल्याकडचा जांभळा बहुतेक वेळा भट्टीच्या गरम हवेत वाळवतात, काळ्या नाहीतर हिरव्या चहासारखा. तसं पान दाबून केक केला तरी मुरत नाही, नुसतं शिळं होतं. विक्रेत्याला एवढंच विचारा: उन्हात वाळवलंय का, आणि परतण्याआधी पान आंबवलंय का. पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही असं उत्तर आलं तर ५० ग्रॅम मागवा. हिरव्या पद्धतीनं केलेला असेल तर ८० अंश, २ ग्रॅमला १०० मिली, दोन मिनिटं, आणि वर्षभरात संपवा. काळा असेल तर उकळतं पाणी, तीन मिनिटं. दोन्हींत दूध नको, रंग सिमेंटचा होतो.